हौसाक्काच्या पायांवर

"हसली! आगं केतू, पोरगी हसली बग माज्याकडं बगून!"

न्हाणीघरातून हौसाक्का ओरडली तेव्हा मी स्वयंपाकघरात डिंकाचा लाडू हातात घेऊन उभी होते. लाडू ताटलीत टाकला आणि धावले. धावले म्हणजे काय, टाके ओढत होते, भिंतीला धरून जितकं भरभर चालता येईल तितकं चालले. दारात पोचले तोवर हसू संपलं होतं.

हौसाक्का रोजच्यासारखी पाटावर बसली होती. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, दोन्ही पाय समोर सरळ पसरलेले, आणि नडग्यांवर उताणी माझी शर्वी. सव्वा महिन्याची. तिचं डोकं हौसाक्काच्या दोन पावलांच्या मध्ये अलगद बसलेलं, अंगभर तेल, आणि डोळे हौसाक्काच्या तोंडावर खिळलेले.

"परत हसव ना," मी म्हणाले.

"आता काय हसती! नशिबात आसंल त्येलाच दिसतं."

ती गंमतीनं म्हणाली होती. मीही हसले. पण सव्वा महिना रात्रंदिवस मी त्या चेहऱ्याकडे बघत होते. झोपेतलं हसू वेगळं, ओळखून हसलेलं वेगळं, हे पुस्तकात वाचून ठेवलं होतं. शर्वीच्या बाबांना, दर शनिवारी पुण्याहून आले की, मी सांगायची, आता कधीही हसेल हं. आणि ती हसली ती हौसाक्काकडे बघून.

कराडला आमच्या भागात हौसाक्काशिवाय बाळंतपण पार पडत नसे. सकाळी सहा घरं करायची. आधी बाळाला न्हाऊ घालायचं, मग बाळंतिणीला, मग शेगडीवर ओवा टाकून शेक. मलाही तिनंच न्हाऊ घातलं होतं, म्हणून मी तिला अगंतुगं करायची. हाताला इतकी हलकी की दोन दिवसांचं बाळसुद्धा तिच्याकडे अंग सैल सोडून पडायचं.

आणि तिचे पाय. अंगठ्याच्या मुळाशी आतल्या बाजूला दोन्ही पायांची हाडं सुपारीएवढी बाहेर आलेली, अंगठे शेजारच्या बोटांवर चढलेले. चालताना ती पायांच्या बाहेरच्या कडेवर चालायची. पण पाय पसरून बसली की ती दोन हाडं समोरासमोर यायची आणि मध्ये एक खोबण तयार व्हायची. त्या खोबणीत बाळाचं डोकं बसायचं. आमच्या गल्लीत सगळ्या बायकांचं ठाम मत होतं की हौसाक्काच्या पायांवर न्हायलेल्या पोरांची डोकी गोल होतात. लांबून लोक बोलवायला यायचे. एकदा आईनं तिला म्हटलं होतं, "हौसा, डॉक्टरला दाखव गं ते हाड." तर ती म्हणाली, "दाखवू कशापाई? त्येच्यावर तर माजं चाललंय. हाड न्हाई ते, टेकू हाय टेकू!"

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, "अक्का, आज मी घालते आंघोळ. तू नुसतं सांग."

"घाल की. पोरगी तुजीच हाय."

मी पाटावर बसले. पाय पसरले. हौसाक्कानं शर्वीला माझ्या नडग्यांवर ठेवलं आणि त्या क्षणाला शर्वीनं असा टाहो फोडला की आई देवपूजा सोडून आली. तेलानं निसरडी झालेली ती एका बाजूला कलंडायला लागली. मी घाबरून गुडघे वर घेतले, तर ती डोक्याच्या बाजूनं माझ्या पावलांकडे घसरली.

"आगं आगं, पाय म्हंजी काटक्या हायत नुसत्या!" हौसाक्कानं तिला उचललं. "आन हिकडं. ह्येला हाड लागतं बाय, हाड!"

तिच्या पायांवर ठेवल्याबरोबर शर्वी गप्प. हुंदका अर्धा राहिलेला, तोच "आं" करून तिच्याकडे बघायला लागली. आई हसली. म्हणाली, "बघ, घरचं माणूस ओळखतं पोर."

"मग मी कोण?"

"तू दूध!" आई म्हणाली, आणि दोघी खळखळून हसल्या.

मी दूध. आंघोळ झाली, धुरी झाली, दुपट्यात गुंडाळून हौसाक्कानं तिला छातीशी धरलं आणि दोन मिनिटांत तिचे डोळे मिटले. मी झोपवायला घेतलं की अर्धा अर्धा तास किरकिर. हौसाक्काच्या अंगाला तंबाखूच्या मिश्रीचा आणि खोबरेल तेलाचा वास यायचा, तो शर्वीच्या केसांना लागायचा. मी तिला पाजायला घेतलं की माझ्या मुलीच्या टाळूला दुसऱ्या बाईचा वास यायचा. मी ओल्या कापसानं तो हळूच पुसायची.

त्या आठवड्यात शर्वी आणखी तीनदा हसली. तीनही वेळा न्हाणीघरात.

आठवड्याच्या शेवटी मी दारात उभी राहून बघत होते. हौसाक्कानं तिला पालथं केलं, पाठ चोळली, मान धुतली. मानेवर, केसांच्या खाली, लाल डाग होता. जन्मापासूनचा. दवाखान्यात मुलांच्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी दाखवून सांगितलं होतं, हे पुष्कळ बाळांना असतं, आपोआप फिकं होत जातं. मला ते नीट माहीत होतं.

"अक्का," मी म्हणाले, "हा डाग बघितलास?"

"कंचा?"

"मानेवरचा. तुझं हाड लागतं तिथं."

तिचा हात थांबला. पाण्याचा तांब्या तसाच हातात.

"माजं?"

"रोज त्याच जागी डोकं टेकतं ना. आधी नव्हता एवढा. परवापासून जास्तच लाल दिसतोय."

मी हे अगदी काळजीच्या आवाजात म्हणाले. मला स्वतःलाच तो आवाज खरा वाटला.

हौसाक्कानं मान वाकवून डागाकडे पुष्कळ वेळ बघितलं. मग स्वतःच्या हाडावरून बोट फिरवलं. "तुलाबी ह्याच पायांवर न्हाऊ घातलंय," ती पुटपुटली. मग स्वतःच म्हणाली, "पर तवा येवढं नव्हतं. वाडलंय खरं."

बाकीची आंघोळ तिनं पंच्याची चौघडी करून डोक्याखाली ठेवून उरकली. गाणं नाही, बडबड नाही. जाताना चहाही घेतला नाही. आई म्हणाली, "हिला काय झालं?" मी म्हटलं, "घाईत असेल."

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आईच्या फोनवर निरोप आला, दुसरी बाई बघा.

मी दुसरी बाई बघू दिली नाही. पुण्याहून येताना आणलेला टब माळ्यावर पडला होता, तो काढला. पहिले तीन दिवस शर्वी रडून निळी व्हायची. चौथ्या दिवशी फक्त रडली. सातव्या दिवशी पाण्यात पाय मारायला लागली. नवव्या दिवशी, टॉवेलात घेतलं तेव्हा, माझ्या डोळ्यांत बघून ती हसली. हिरड्या दाखवून, हनुवटी हलवून. मी न्हाणीघरात एकटीच होते. मी कोणाला हाक मारली नाही. ते सगळं हसू मी एकटीनं बघून घेतलं.

तो दिवस फार छान गेला.

संध्याकाळी आई मंडईतून आली. पिशवी ठेवायच्या आधीच म्हणाली, "अगं, हौसानं सगळी घरं सोडली म्हणे. ती ज्यांच्याकडे बाळ न्हाऊ घालते ना, त्या डुबलांकडच्या सासूबाई भेटल्या. घरोघर जाऊन सांगून आली, माझं हाड पोरांना लागतंय, मला बोलवू नका. आपलं धरून सहाच्या सहा घरं!"

माझ्या हातात शर्वीचं झबलं होतं. त्याच्या बंदाची गाठ मी सोडत होते, बांधत होते.

"आणि आता चालता पण येत नाहीये तिला. कुणी काय औषध सांगितलंय देव जाणे."

मी लगेच उठून जायला हवं होतं. गेले नाही. संध्याकाळची कारणं सांगितली स्वतःला. सकाळी शर्वीला पाजलं, आईजवळ दिलं. पुढच्या दुधाच्या वेळेपर्यंत माझ्याकडे अडीच तास होते. रिक्षा करून नदीकडच्या गल्लीत गेले.

हौसाक्कानं दार उघडलं ते भिंतीला धरून, एका पायावर. उजव्या पावलाला चिंध्या गुंडाळलेल्या. मला बघून आधी घाबरली.

"पोरीचं डोस्कं बरं हाय न्हवं?"

"बरंय. पाय दाखव."

"काय दाखवू? बसंल आता जाग्यावर. बिब्बा घातलाय."

"बिब्बा? हाडावर?"

"हाड जिरतं म्हनं बिब्ब्यानं. गरम करून दोनदा घातला. मंग वरनं पट्टीनं करकचून बांदलं, अंगठा सरळ व्हईल म्हनून. लई ठणाकलं. म्हटलं ठणाकू दे, जिरतंय तर जिरंल."

मी चिंध्या सोडल्या. शेवटचं फडकं कातडीला चिकटलं होतं, ते ओढताना तिनं दातांत पदर धरला. हाडावरची कातडी भाजून काळी पडली होती, भोवती पू, अंगठा सुजून वांग्यासारखा झालेला. एवढं करूनही हाड होतं तिथंच होतं.

"चल," मी म्हणाले.

"कुटं?"

"हाडांच्या डॉक्टरकडे."

"मला न्हाई कापून घ्यायचं!"

"कापत नाहीत गं. चल तू."

दाराशी तिच्या चपला होत्या. ती डाव्या पायात घालायला लागली तेव्हा मी ओळखल्या. माझ्या होत्या. कॉलेजच्या गॅदरिंगसाठी घेतलेल्या, पुढं निमुळत्या, टाचेला उंच. आईनं तिला कधीतरी देऊन टाकल्या असणार. हौसाक्काला सगळ्या घरांतून अशाच चपला मिळायच्या, ज्याच्या त्याच्या मापाच्या.

डॉक्टर मुल्लाबाईंनी पाय मांडीवर घेतल्यासारखा हातात घेतला. बराच वेळ साफ करत होत्या. रक्तातली साखर बघितली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं. मग विचारलं, "मावशी, हे हाड वाढलंय असं वाटतं ना तुम्हाला?"

"वाडलंयच की. दिसतंय न्हवं."

"नवीन हाड आलेलं नाही. हे बघा." त्यांनी स्वतःचा पाय चपलेतून काढला आणि अंगठा हातानं शेजारच्या बोटांकडे वाकवला. "अंगठा असा आत सरकतो, आणि त्याच्या मुळाशी असलेला सांधा असा बाहेर निघतो. सांधा आपल्या जागेवरून हलतो. बिब्बा घालून तो जिरत नाही, पट्टी आवळून आत जात नाही. कातडी तेवढी जळते. आईचे पाय असे होते का तुमच्या?"

"व्हय. आन आजीचं बी."

"मग ठेवण घरातूनच आली. आणि त्यात या चपला." त्यांनी डाव्या पायातली चप्पल काढून माझ्यासमोर धरली. "पुढं बघा किती अरुंद! बोटं चेंगरून बसतात. रोज किती चालता यात?"

"सा घरं."

"कोणाच्या आहेत या?"

"मला मिळाल्यात," हौसाक्का म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही.

डॉक्टरांनी कागदावर पावलाचं चित्र काढलं. पुढून रुंद, मऊ, सपाट चप्पल घ्यायची, बोटं हलली पाहिजेत. अंगठा आणि शेजारचं बोट यांत मऊ पट्टी ठेवायची, आवळायची नाही. ठणकलं, सुजलं तर फडक्यात बर्फ गुंडाळून शेकायचं. जखम भरल्यावर रोज जमिनीवर फडकं टाकून पायाच्या बोटांनी गोळा करायचं. "यानं अंगठा सरळ होणार नाही, आधीच सांगते. पण दुखणं कमी होईल, आणि आहे त्याहून बिघडणार नाही. चालणंच अवघड झालं तर ऑपरेशनचं बघू. नुसतं दिसायला वाकडं आहे म्हणून करत नाहीत."

"आन पोरांना लागतं त्येचं?"

"कसल्या पोरांना?"

हौसाक्कानं सांगितलं. पायांवर कसं घेते, डोकं कुठं टेकतं, एका पोरीच्या मानेवर लाल डाग कसा पडला.

डॉक्टर हसल्या. "मानेमागं, केसांच्या खाली? अहो, तो जन्मतःच असतो. माझ्या दोन्ही मुलांना होता. तुमच्या पायाचा काय संबंध? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मी खुर्चीत बसले होते. समोर पायाच्या हाडांचा प्लास्टिकचा सांगाडा होता, त्याच्या अंगठ्याकडे बघत होते.

"आसंच," हौसाक्का म्हणाली. "लोकं म्हनत्यात."

बाहेर आलो. रिक्षा यायची होती. दवाखान्याच्या बाकावर ती पाय लांब करून बसली. पांढऱ्याशुभ्र पट्टीत गुंडाळलेलं पाऊल तिच्या काळ्या पोटरीपुढं परकं दिसत होतं. तिचा चेहरा मात्र उजळला होता.

"बग बाय, डाक्टरीण बी म्हनाली. तुलाबी ठावं नसंल. पयलंच लेकरू तुजं, भ्यालीस. तुजी काय चुकी?"

तिनं मला दोषातून मोकळं केलं होतं. मी "हो ना" म्हटलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. आणि मला त्याचाच राग आला. शर्वीचं हसू हिच्याकडे, शर्वीची झोप हिच्याकडे, आणि आता मोठं मनही हिच्याकडेच.

"मला माहीत होतं," मी म्हणाले.

"काय?"

"डाग जन्मापासूनचा आहे ते. तुझं हाड लागत नव्हतं, अक्का. मी खोटं बोलले."

"कशापाई?"

"ती तुझ्याकडे बघून हसली. माझ्याकडे बघून हसत नव्हती. तुझ्याकडे झोपायची. मला तू नको होतीस घरात."

मला वाटलं, हौसाक्का आता डोक्यावरून हात फिरवेल. तिचे हात मला लहानपणापासून माहीत होते.

"म्या पाय जाळला," ती म्हणाली. आवाज एकदम सपाट. "दोनदा. पयल्यांदा घातला तवाच जीव गेला हुता. तरी दुसऱ्यांदा घातला. का, तर लेकरांना लागतंय. तीस वर्सं झाली, किती डोस्की चेपली आसतील म्हनून झोप न्हाई मला. येकेका पोराचं तोंड आठवत हुते मी. आन तू हासू मोजत बसलीस व्हय गं?"

मी रडायला लागले.

"रडू नगंस. रडून मला काय? आन मला सांगून बी काय?" तिनं पट्टीवर हात आपटला आणि कळ येऊन ओठ चावला. "म्या पाच घरांत जाऊन माज्या तोंडानं सांगून आले, माजं पाय वंगाळ हायत. आता तू जा. तुज्या तोंडानं सांग."

"काय सांगू?"

"आत्ता सांगितलंस तेच. समदं. हसल्यालं, झोपल्यालं, समदं. डाग हुता जन्माचा, येवढंच सांगून माघारी आलीस तर मला कळंल."

रिक्षा आली. ती माझा हात न धरता चढली.

जखम भरायला महिन्याहून अधिक लागला. मी दर दोन दिवसांनी पट्टी बदलायला घेऊन जायची. ती रिक्षात बोलायची नाही. रुंद चपला मी आणल्या, तिनं घातल्या. मुल्लाबाई विचारायच्या, "बोटांनी फडकं उचलता का?" ती म्हणायची, "उचलते की, लंगोट उचलते," आणि तेवढ्यापुरती हसायची, त्यांच्याकडे बघून.

पाच घरं मी पहिल्याच आठवड्यात घेतली. शर्वीला खांद्यावर टाकून. पहिल्या घरी मला नीट सांगताच आलं नाही, डॉक्टर, सांधा, जन्मखूण असलंच बोलत राहिले, आणि दारातून बाहेर पडल्यावर परत आत जाऊन राहिलेलं सांगितलं. दुसऱ्या घरच्या आजी म्हणाल्या, "शिकलेल्या मुली तुम्ही!" तिसऱ्या घरी हसण्यावारी नेलं, ते सगळ्यात वाईट. चौथ्या घरी दुसरी बाई लागली होती, आणि ती तिथंच, दाराच्या आड उभी राहून ऐकत होती.

डुबलांचं घर मी शेवटी ठेवलं. तिथला मुलगा जेमतेम महिन्याचा, म्हणजे हौसाक्काचं खरं काम तिथंच. त्यांनी परत बोलावलं तर बाकीचे बोलावतील हे आईनंही सांगितलं होतं.

तेजश्रीनं, त्यांच्या सुनेनं, दार उघडलं. केस विंचरलेले नाहीत, गाऊनवर दुधाचा डाग, डोळ्यांखाली माझ्यासारखीच वर्तुळं. सासूबाई आत होत्या. मी पायरीवरच सगळं सांगितलं. एव्हाना मला ते पाठ झालं होतं, तरी "मी दूध होते फक्त" इथं आवाज फाटला.

तिनं एकदा आत वळून बघितलं. मग दार मागं ओढून घेऊन बाहेर पायरीवर आली.

"मला माहीत होतं हो, काही लागत-बिगत नाही," ती हळूच म्हणाली. "याच्या मानेवर कुठं काही नव्हतं. त्या स्वतः सांगायला आल्या ना, तेव्हा मी म्हणायला पाहिजे होतं, अहो असं काही नाही, या तुम्ही. सासूबाई नको नको म्हणत होत्या, थांबवत होत्या त्यांना. मी गप्प बसले."

"का?"

"रोज आतून त्यांचा आवाज आला की हा माझं दूध सोडायचा. तोंड काढून तिकडं वळायचा." तिनं गाऊनचा डाग नखानं खरवडला. "त्या गेल्यावर मी सासूबाईंपुढं हळहळले. मग आत जाऊन याला घट्ट धरलं आणि म्हटलं, बरं झालं."

माझ्या खांद्यावर शर्वी चुळबुळत होती. आतून तिच्या मुलाचं रडू सुरू झालं. आम्हा दोघींचेही कान तिकडे गेले, पण ती लगेच हलली नाही.

"कशा आहेत त्या?"

"भाजलंय खूप. महिना तरी लागेल."

"कशानं?"

"बिब्ब्यानं. हाड जिरावं म्हणून दोनदा घातला."

तिनं डोळे मिटले. मग दार ढकललं आणि आत मोठ्यानं म्हणाली, "आई, हौसाक्कांना निरोप द्या, पाय बरा झाला की यायचं म्हणून. तोवर दुसरं कोणी बघायचं नाही, मी घालते आंघोळ. आणि पाय कशानं भाजला, ते मी सांगते तुम्हाला. बसा जरा."

जाता जाता ती माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज अगदी भांडायला उठल्यासारखा.

"येऊ देत त्या. पण हा आधी ‘आई’ म्हणाला पाहिजे. ‘अक्का’ म्हणाला ना, तर मी नाही बाई गप्प बसणार."